गादी सरकली म्हणजे नेमके काय झाले? : सायटिकाच्या शोधाची कहाणी

कंबरेत कधीच उसण भरली नाही, असा चाळिशी ओलांडलेला माणूस आपल्या मंडळात शोधूनही सापडायचा नाही. कुणी ऑफिसातली खुर्ची बदलून घेतली आहे, कुणाच्या पलंगावरची जाड गादी जाऊन लाकडी फळी आली आहे, तर कुणी पट्टा बांधूनच आरतीला उभे राहतात. यातल्या काहींचे दुखणे कंबरेपाशी थांबत नाही. कळ नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने उतरते आणि पोटरीतून थेट पायाच्या बोटांपर्यंत जाते. पायाला मुंग्या येतात, शिंक आली तरी जीव कळवळतो. यालाच आपण सायटिका म्हणतो. मग एमआरआय होतो, दोन पानी रिपोर्ट येतो आणि घरात एकच चर्चा सुरू होते : ऑपरेशन करायचे की नाही?

प्रत्येकाचे उत्तर त्याला तपासणारे डॉक्टरच देऊ शकतात. पण या दुखण्याचे मूळ माणसाला कसे सापडले, किती वेळा हाती येऊन निसटले आणि सापडल्यावर आपण काय चुका केल्या, हा इतिहास ठाऊक असेल तर डॉक्टरांसमोर बसताना योग्य प्रश्न विचारता येतात. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी शरीररचना

आपला पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेपासून कंबरेपर्यंत दोन-दोन मणक्यांमध्ये एकेक चकती असते. अशा एकूण २३ चकत्या. यांनाच आपण गादी किंवा डिस्क म्हणतो. गादीच्या बाहेरच्या बाजूला चिवट तंतूंची एकात एक गुंफलेली कडी असतात आणि आत जेलीसारखा गर असतो. वयानुसार गरातले पाणी कमी होते, कड्यांना भेगा पडतात आणि कधी तरी त्या भेगेतून गर मागे सरकतो. मागच्या बाजूलाच पायाकडे जाणाऱ्या नसांची मुळे असतात. गर तिथे पोहोचला की दुखते पायात, पण दोष असतो पाठीत.

जाता जाता एक गोष्ट. 'मणक्यात गॅप आला' असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात गादी झिजली की दोन मणक्यांमधले अंतर कमी होते! आणि गादी सरकते म्हणजे साबणाच्या वडीसारखी अख्खी निसटते असेही नाही. फुटतो किंवा फुगतो तो तिचा एक भाग.

गिधाडाची चाल

हे दुखणे आपल्या पूर्वजांना चांगलेच ठाऊक होते. आयुर्वेदात त्याचे नाव 'गृध्रसी'. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची लंगडती चाल गिधाडासारखी दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. चरकसंहितेत ही वेदना नितंबापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते, असे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत तर या रोगात पाय वर उचलता येत नाही, अशी नेमकी खूण दिली आहे. आजही डॉक्टर आपल्याला टेबलावर उताणे झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलतात, ते हेच पाहण्यासाठी. कारण वाताचे सांगितले गेले, उपचारही त्याला धरूनच होते. पण निरीक्षण मात्र अचूक होते.

ग्रीक वैद्यांनीही हे दुखणे पाहिले होते. 'सायटिका' हा शब्दच मुळात खुब्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. पण त्यामुळे दोष खुब्याच्या सांध्यात आहे, हा समज पुढे शतकानुशतके टिकला.

खुब्याकडून नसेकडे

हा समज मोडला १७६४ साली, इटलीतल्या नेपल्स शहरात. डोमेनिको कोतुन्यो या वैद्याने सायटिकावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि सांध्याचे दुखणे वेगळे, नसेचे दुखणे वेगळे, हे स्पष्ट केले. नसेभोवती साचलेल्या पाण्यामुळे कळ येते, अशी त्याची कल्पना होती. ती चुकली. पण दुखते ती नस, ही दिशा त्याने दाखवली आणि पुढे कितीतरी वर्षे या आजाराला त्याचेच नाव होते.

पाय उचलून पाहण्याच्या चाचणीला पाश्चात्त्य वैद्यकात फ्रान्सच्या शार्ल लासेग यांचे नाव मिळाले. गंमत अशी की लासेग यांनी ती स्वतः लिहून प्रसिद्ध केली नव्हती. त्यांचे विद्यार्थी फोर्स्ट यांनी १८८१ साली आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले आणि श्रेय गुरूला दिले. त्याच्या एक वर्ष आधी, १८८० साली, सर्बियातले डॉ. लाझा लाझारेविच यांनी हीच चाचणी मांडली होती आणि पाय उचलल्यावर नस ताणली जाते म्हणून दुखते, हे बरोबर कारणही दिले होते. फोर्स्ट यांना वाटत होते की स्नायूंमुळे नस दाबली जाते. लाझारेविच हे त्यांच्या देशात कथालेखक म्हणूनही प्रसिद्ध आहेत. पण लेख सर्बियन भाषेत, तेव्हा युरोपात वाचणार कोण? छोट्या भाषेत लिहिणाऱ्यांची ही अडचण आपल्यालाही नवीन नाही.

हातात आलेला, पण न ओळखलेला तुकडा

आता या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग. नस दुखते हे कळले, पण का दुखते ते कळत नव्हते. दुसऱ्या बाजूला शवविच्छेदन करणाऱ्यांना फुटलेली गादी दिसत होती. जर्मनीत रुडॉल्फ व्हर्चो यांनी १८५७ साली तिचे वर्णन केले. पण मेलेल्या माणसाची गादी आणि जिवंत माणसाच्या पायातली कळ यांची सांगड कुणी घातली नाही.

डिसेंबर १९०८ मध्ये बर्लिनला सर्जन फेडोर क्राउझे यांनी एका रुग्णाच्या कंबरेचे ऑपरेशन केले. तो अनेक वर्षे सायटिकाने हैराण होता. मेंदू व नसांचे तज्ज्ञ हेर्मान ओपेनहाइम यांनी निदान केले होते. क्राउझे यांना नसांवर दाबणारा एक तुकडा सापडला, तो काढला आणि रुग्ण बरा झाला. गादीचा तुकडा काढून सायटिका बरी केल्याचे हे पहिले यश. पण १९०९ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा त्या तुकड्याला कूर्चेची गाठ, म्हणजे एक प्रकारचा ट्यूमर, असे नाव दिले.

१९११ साली ग्लासगोच्या मिडलटन आणि टीचर यांनी एका कामगाराची हकिगत लिहिली. जड वजन उचलताना त्याच्या पाठीत काहीतरी मोडल्यासारखे झाले, पाय लुळे पडले आणि पुढे तो दगावला. शवविच्छेदनात गादीचा गर मज्जारज्जूच्या पोकळीत आलेला दिसला. त्याच वर्षी बोस्टनच्या गोल्डथ्वेट यांनीही गादी सरकून असे होऊ शकते, हे सुचवले. १९२९ साली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रुग्णांच्या पाठीतून सुटे तुकडे काढले आणि ते गादीचेच आहेत, असे स्पष्ट लिहिले. तरीही जग हलले नाही. ऑपरेशनमध्ये असा तुकडा निघाला की 'ट्यूमर' अशी चिठ्ठी लावून तो बरणीत ठेवायचा, हीच रीत चालू राहिली.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी १९२१-२२ च्या सुमारास खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून तयार केलेले औषध मणक्याच्या पोकळीत सोडले. एक्स-रेमध्ये ते उठून दिसते, त्यामुळे वाट कुठे अडली आहे हे ऑपरेशनपूर्वी पाहता येऊ लागले. आणि जर्मनीत ड्रेस्डेन येथे गेओर्ग श्मोर्ल यांनी हजारो मृतदेहांचे कणे तपासून गादीचे आजार किती सर्रास असतात, हे दाखवून दिले. मणका तपासताना बोटाला झालेल्या जखमेतून विषार पसरून १९३२ साली त्यांचा मृत्यू झाला.

बोस्टन, १९३२

त्याच वर्षी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका तरुणावर उपचार चालले होते. हाडांचे डॉक्टर जोसेफ बार यांचे उपाय थकले, तेव्हा मेंदू व मज्जारज्जूचे सर्जन विल्यम मिक्स्टर यांनी ऑपरेशन करून 'ट्यूमर' काढला. रुग्ण बरा झाला. पण श्मोर्ल यांच्या कामाचा परिचय असलेल्या बार यांना शंका आली. त्यांनी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी गादीच्या शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही एकच! मग दोघांनी रुग्णालयातले जुने नमुने बाहेर काढले. ट्यूमर म्हणून जपून ठेवलेल्या त्या तुकड्यांपैकी निम्म्याहून अधिक तुकडे गादीचेच निघाले.

२ ऑगस्ट १९३४ रोजी त्यांचा १९ रुग्णांवरचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. पायातल्या कळेचे कारण पाठीतली फुटलेली गादी असू शकते आणि ऑपरेशनने ती बरी करता येते, हे त्यानंतर जगाने मान्य केले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. पंचवीस वर्षे बरणीत पडलेल्या वस्तूची चिठ्ठी बदलली, एवढेच. मला स्वतःला वैद्यकाच्या इतिहासातला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

डिस्कचे राज्य

पण माणसाचा स्वभाव असा की एक किल्ली सापडली की तो सगळी कुलुपे तिनेच उघडायला जातो. १९३४ नंतरची काही दशके डिस्कचे राज्यच होते. पाठ दुखली की गादी, पाय दुखला की गादी! ऑपरेशनची पद्धत सुधारत गेली, हे खरे. मेयो क्लिनिकच्या लव्ह यांनी १९३९ साली हाडाला फारसा धक्का न लावता दोन मणक्यांच्या कमानींमधल्या फटीतून गादी काढण्याची रीत मांडली. त्यामुळे ऑपरेशन सोपे झाले आणि त्यांची संख्याही वाढली. ज्यांच्या दुखण्याचे कारण गादी नव्हतेच, तेही टेबलावर गेले आणि दुखणे घेऊनच घरी आले.

हळूहळू इतर कारणे पुढे आली. १९५४ साली हॉलंडच्या हेंक फेरबीस्ट यांनी दाखवले की काहींच्या मणक्यातली वाटच अरुंद असते. असे लोक थोडे चालले की पाय भरून येतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. बाजारात जाताना दर शंभर पावलांवर कट्टा शोधणारे आजोबा आठवा.

नुसत्या दाबाने नस दुखते का, हाही प्रश्न होताच. १९५८ साली स्मिथ आणि राइट यांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. ऑपरेशनच्या वेळी नसेच्या मुळाभोवती नायलॉनचा दोरा घालून त्याचे टोक बाहेर ठेवले आणि नंतर रुग्ण शुद्धीवर असताना तो हलकेच ओढून पाहिला. आधीपासून त्रासलेली नस ओढली की तीच जुनी कळ पायात उतरे. १९९१ साली अमेरिकेत कुस्लिच यांनी १९३ रुग्णांची ऑपरेशने जागा बधिर करून केली, त्यातही सुजलेली, दाबलेली नस हलवल्यावरच सायटिका उठली. निरोगी नसेला हात लागला तरी तशी कळ येत नव्हती. गादीच्या गरात नसेला सूज आणणारी रसायने असतात, हेही पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणजे दाब आणि दाह दोन्ही हवेत. दाह ओसरला की गादी तिथेच असूनही कळ का थांबते, याचा उलगडा यातून होतो.

पपई आणि सूक्ष्मदर्शक

चाकू न लावता गादी विरघळवता आली तर? १९५६ साली लुईस थॉमस यांनी सशांना पपईच्या चिकातला पाचक पदार्थ टोचला, तर त्यांचे ताठ कान लोळागोळा झाले! कानातली कूर्चा मऊ पडली होती. हे वाचून लायमन स्मिथ यांनी १९६० च्या दशकात तसाच पदार्थ माणसाच्या गादीत टोचायला सुरुवात केली. मटण शिजायला कच्ची पपई घालणाऱ्या आपल्या सुगरणींना यात नवल वाटणार नाही. १९८२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, काही थोड्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि २००३ साली तिथली विक्री बंद झाली.

टिकली ती दुसरी वाट. १९७७ साली झुरिकचे याशारगिल आणि जर्मनीचे कास्पर यांनी स्वतंत्रपणे सूक्ष्मदर्शकातून गादी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जखम लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर उभा. आजच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांमागेही हाच विचार आहे.

आपल्या देशात मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग स्वातंत्र्यानंतर उभा राहिला. १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी आणि १९५० साली मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी ही शाखा रुजवली. पुढच्या पिढीत गोव्याहून आलेल्या डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मणक्याच्या शस्त्रक्रियेत नाव मिळवले. त्यांचे 'ताठ कणा' हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल.

चित्र आणि दुखणे

१९८० च्या दशकात एमआरआय आला आणि गादी बाहेरूनच स्वच्छ दिसू लागली. पण १९९० साली अमेरिकेत बोडेन व सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : ज्यांची पाठ कधी दुखलीच नाही त्यांचा एमआरआय काढला तर? अशा ६७ जणांत साठीच्या आतल्या सुमारे २० टक्के लोकांची गादी सरकलेली होती, तर साठीपुढच्यांपैकी ३६ टक्क्यांची! १९९४ साली ९८ निरोगी माणसांवरच्या दुसऱ्या अभ्यासात ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली आढळली. सर्व गाद्या ठीकठाक असलेले जेमतेम ३६ टक्के निघाले.

याचा अर्थ एमआरआय खोटा असतो असा नाही. पिकलेले केस जसे वय सांगतात तशा झिजलेल्या गाद्याही वय सांगतात. रिपोर्टातली गादी ज्या नसेला दाबते त्याच नसेच्या पट्ट्यात आपल्याला कळ, बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का, हे जुळले पाहिजे. कळ उजव्या पायात आणि चित्रातला दोष डाव्या बाजूला, असे असेल तर त्या ऑपरेशनने काय साधणार? बर्लिनमध्ये वस्तू हातात असून अर्थ लागला नव्हता. आज चित्र हातात आहे, अर्थ अजूनही रुग्णाला तपासूनच लावावा लागतो.

ऑपरेशन की धीर?

आता मूळ प्रश्न. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ साली दहा वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास मांडला. ज्यांच्या बाबतीत निर्णय अवघड होता अशा १२६ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका वर्षानंतर ऑपरेशन झालेले स्पष्टपणे पुढे होते. चार वर्षांनी फरक बराच घटला, दहा वर्षांनी उरला नाही. मात्र बिनऑपरेशनच्या गटातल्या काहींना दुखणे न सोसल्याने मध्येच ऑपरेशन करावे लागले, हे विसरता कामा नये.

२००७ साली हॉलंडमध्ये पॉल व सहकाऱ्यांनी ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांचा अभ्यास केला. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. दुसऱ्या गटातल्या ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलेच, बाकीचे त्याशिवाय सावरले. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, हे एमआरआयमधूनही दिसले आहे.

मग थांबतच राहायचे का? तेही नाही. २०२० साली कॅनडातल्या १२८ रुग्णांच्या अभ्यासात ४ ते १२ महिने सायटिका सोसलेल्यांना ऑपरेशनने सहा महिन्यांनंतर स्पष्टपणे अधिक आराम मिळाला. पायातली कळ दहापैकी किती, असे विचारता ऑपरेशनच्या गटात सरासरी २.८ आणि दुसऱ्या गटात ५.२ उत्तर आले.

थोडक्यात, बहुतेकांसाठी ऑपरेशन हा लवकर आराम मिळवण्याचा मार्ग आहे. पहिले काही आठवडे गोळ्या, जमेल तेवढी हालचाल आणि धीर यांना द्यावेत. अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. त्यानंतरही कळ जगू देत नसेल, आणि चित्र व लक्षणे जुळत असतील, तर ऑपरेशनला घाबरण्याचे कारण नाही. हेही ध्यानात ठेवावे की हे ऑपरेशन पायातल्या कळेसाठी चांगले. नुसत्या कंबरदुखीला त्याचा तसा गुण येत नाही.

एका बाबतीत मात्र धीर धरायचा नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे हिशेब तासांचा असतो. गेलेली ताकद आणि ताबा उशीर झाल्यावर परत येईलच असे नाही. परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर रात्री-अपरात्री अशी सोय कुठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे.

बाकी, विसर्जनाला मूर्ती उचलायच्या वेळी पाठीतून वाकू नका, गुडघ्यातून बसा, मूर्ती अंगाशी धरा आणि शेजाऱ्याला हाक मारा. हौशी तरुण मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत!